महामार्गालगतच्या वस्तीत आजार मोजण्याआधी माणसे मोजावी लागतात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून, घाटकोपर आणि विक्रोळी यांच्यामध्ये, आपली सुमारे ४०० घरांची वस्ती आहे. तेथे उन्नत मार्गाचे काम सुरू होण्याची चिन्हे आहेत. ते सुरू होण्यापूर्वी रहिवाशांच्या प्रकृतीची नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी "हे आजार तर आधीपासूनच होते" असे म्हटले तर हातात काही असेल, असे आपल्या मंडळाने ठरवले आहे. त्यासाठी एक आरोग्य शिबिर पुरेल का, रस्त्यापासून किती मीटरपर्यंतची घरे धरावीत, आणि नमुना प्रपत्रातला वय, व्यवसाय, वास्तव्य वगैरे विचारणारा लांबलचक पहिला भाग गाळला तर चालेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो भाग गाळला तर उरलेल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांना काही अर्थ राहत नाही. सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवत आणि वस्त्यांमधून पाहण्या करत मला सव्वीस वर्षे झाली. या काळात वाया गेलेल्या ज्या पायाभूत पाहण्या, म्हणजे बदल होण्याआधीची स्थिती टिपणाऱ्या पाहण्या, मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक तपासण्या चुकीच्या झाल्या म्हणून वाया गेल्या नाहीत. कोणाची तपासणी झाली आणि कोणाची राहिली हे नंतर कोणालाच सांगता आले नाही, म्हणून वाया गेल्या.

शिबिराचेच उदाहरण घ्या. रविवारी सकाळी मंडपात १८० माणसे आली आणि त्यांपैकी ६० जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. मग वस्तीतील एक तृतीयांश लोकांना रक्तदाब आहे असे म्हणावे का? म्हणता येणार नाही. शिबिराला ज्याला काही होते आहे तो येतो, ज्याला रविवारची सुट्टी आहे तो येतो, आणि घरात बसून असलेली आजी येते. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, पहाटे गाडी काढणारा टेम्पोचालक आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई येत नाही. अंश मिळतो, छेद मिळत नाही: आजारी किती ते कळते, एकूण कितींपैकी ते कळत नाही. शिबिर जरूर घ्या, त्याने लोकांचे भलेच होईल. पण त्याला पायाभूत पाहणी म्हणू नका.

छेद मिळवायचा तर घरोघर जाऊन माणसे मोजावी लागतात. सरकारी आकड्यांवर येथे फारसे विसंबता येत नाही. जनगणनेचे हाती असलेले तपशीलवार आकडे २०११ चे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली आणि तिचे निष्कर्ष जिल्ह्याच्या पातळीपर्यंत मिळतात, त्याखाली नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे ती पाहणी सांगते आणि तुलनेसाठी ते उपयोगी आहे. परंतु महामार्गाच्या भिंतीला पाठ लावून असलेल्या आपल्या गल्लीविषयी ती काहीच सांगत नाही. महापालिकेच्या दवाखान्यातील केसपेपर दवाखान्यानुसार लागतात, गल्लीनुसार लागत नाहीत. शिवाय वस्तीतले अर्धेअधिक लोक आधी कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडेच जातात.

वय आणि वास्तव्य यांच्यावाचून आकडे कसे फसवतात ते एका कल्पित उदाहरणाने सांगते. रस्त्यालगतच्या गल्लीत २०० प्रौढ आहेत, त्यांपैकी १४० चाळिशीच्या आतले आणि ६० चाळिशीपुढचे. आतल्या गल्लीतही २०० प्रौढ आहेत, पण तेथे ८० तरुण आणि १२० चाळिशीपुढचे. रस्त्यालगत तरुणांपैकी १४ आणि थोरांपैकी ३०, म्हणजे एकूण ४४ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला, अर्थात २२ टक्के. आतल्या गल्लीत ६ आणि ४८, एकूण ५४, म्हणजे २७ टक्के. हे दोन आकडे घेऊन कोणीही अभियंता म्हणेल की रस्त्याजवळ राहणे प्रकृतीला मानवते. आता वयानुसार पाहा: तरुणांत रस्त्यालगत १० टक्के आणि आत साडेसात, थोरांत रस्त्यालगत ५० टक्के आणि आत ४०. दोन्ही वयोगटांत रस्त्यालगतची माणसेच अधिक आजारी आहेत. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. फरक इतकाच की एकदा वय विचारले आणि एकदा विचारले नाही.

उदाहरण कल्पित असले तरी त्यातली वयाची रचना मी प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा पाहिली आहे. रस्त्याकडेच्या खोल्या आवाजामुळे आणि धुळीमुळे कमी भाड्याने जातात. त्या घेणारे बहुधा नाक्यावर उभे राहणारे मजूर, चालक, डिलिव्हरीची मुले असतात. ते तरुण असतात, मुळात धडधाकट असतात, आणि आजारी पडले की गावी जातात. मुंबईच्या वस्तीचे आरोग्य मोजताना "गावी गेला" या दोन शब्दांकडे जो दुर्लक्ष करतो त्याची पाहणी नेहमी प्रत्यक्षाहून गोड निघते. दुखणे लांबले की माणूस गावी जातो, पहिलटकरीण माहेरी जाते, आणि मृत्यू गावी झाला तर त्याची नोंदही तिकडेच होते. म्हणून प्रत्येक घरात हा प्रश्न विचाराच: गेल्या पाच वर्षांत या घरातून कोण गेले, कधी गेले आणि कशासाठी गेले. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जितके शिकवले तितके महागड्या यंत्रांनी शिकवले नाही.

वास्तव्याच्या प्रश्नाला मात्र एक काटा आहे, आणि तो आपल्यालाही टोचणार आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत वहीपेन घेतलेला माणूस दारात आला की तो पात्रता ठरवायला आला आहे असेच लोक समजतात, आणि त्यांचे चुकतही नाही. मोफत पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० आणि सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११ या तारखा त्यांना तोंडपाठ असतात. मग "येथे कधीपासून राहता?" या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांशी जुळेल असेच मिळते, भाडोत्री असला तर तो "भाऊ" किंवा "पाहुणा" होतो, आणि पोटमाळ्यावर राहणारे कुटुंब अदृश्य होते. एका वस्तीत आमच्या पहिल्या पाहणीत भाडोत्री जवळपास निघालेच नाहीत. प्रत्यक्षात दर तिसरी-चौथी खोली भाड्याची होती. दुसऱ्या खेपेस आम्ही प्रश्न बदलला. "या खोलीत काल रात्री कोण कोण झोपले होते?" आणि "मागच्या दिवाळीला यांपैकी कोण येथे होते?" असे विचारले, प्रपत्रावर घरमालकाचे नाव लिहिण्याची जागाच ठेवली नाही आणि आधार क्रमांक मागितला नाही. हे सर्व पात्रतेसाठी नाही, हे चाळ कमिटीच्या सभेत आधी दोनदा सांगून घेतले. तेव्हा माणसे सापडली.

धर्म आणि जात विचारावी का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. त्या माहितीचे पुढे काय करणार हे स्पष्ट सांगता येत असेल तर विचारा. नुसते प्रपत्रात आहे म्हणून विचारू नका. व्यवसाय मात्र नेमका लिहा. "मजुरी" हा शब्द निरुपयोगी आहे. वेल्डिंग करतो, भंगार वेगळे करतो, सिग्नलवर गजरे विकते, घरी बसून मणी ओवते, यांतल्या प्रत्येकाच्या फुप्फुसात जाणारी हवा वेगळी आहे.

आता अंतराविषयी. लॉस एंजेलिसमधील ४०५ क्रमांकाच्या महामार्गालगत केलेली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजमापे असे दाखवतात की अतिसूक्ष्म कणांची संख्या पहिल्या शंभर-दीडशे मीटरांत झपाट्याने उतरते आणि सुमारे ३०० मीटरवर सभोवतालच्या हवेइतकी होते. २०१० मध्ये अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरचा पट्टा सर्वाधिक बाधित मानला. दक्षिण कॅलिफोर्नियातील बारा गावाशहरांतील ३,६७७ मुलांचा दहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडच्या मुलांपेक्षा कमी झालेली आढळली. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून ० ते ५०, ५० ते १५०, १५० ते ३०० असे पट्टे आणि ५०० मीटरपलीकडचा एक तुलनागट अशी आखणी मी सुचवीन.

पण हे आकडे मुंबईवर जसेच्या तसे चिकटवू नका. आपल्याकडे दिवसा वारा बहुतांशी समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो, त्यामुळे दुपारी महामार्गाच्या पूर्वेकडची घरे अधिक धूर घेतात. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे वारा उलट, जमिनीकडून आणि अगदी मंद असतो. थंड हवेचा थर खाली बसतो आणि धूर वर जात नाही. अशा पहाटेच्या स्थिर हवेत महामार्गाचा परिणाम एक किलोमीटरच्याही पुढे पोचतो, हे लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिकातील मोजमापांत दिसले आहे. त्यात भर अशी की गर्दीच्या वेळेत जड वाहनांना मज्जाव असल्याने ट्रक-ट्रेलरचा मोठा ओघ रात्रीच वाहतो, म्हणजे लोक घरात झोपलेले असतात नेमका तेव्हा. म्हणून प्रत्येक घराच्या नोंदीत चार गोष्टी लिहा: रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर, रस्त्याची कोणती बाजू, कितवा मजला, आणि खिडकी कोणत्या दिशेला उघडते. खिडकीच नसेल तर तसे लिहा.

बोस्टनजवळच्या समरव्हिलमध्ये टफ्ट्स विद्यापीठ आणि स्थानिक संघटनांनी मिळून केलेल्या अभ्यासाने आणखी एक धडा दिला: नुसत्या घराच्या पत्त्यावरून माणसाने किती प्रदूषण घेतले हे नीट कळत नाही, दिवसाचे किती तास तो कोठे असतो हे विचारावे लागते. रस्त्यालगतच्या खोलीत राहणारा पण बारा तास वातानुकूलित दुकानात उभा असणारा मुलगा आणि त्याच खोलीत चोवीस तास काढणारी त्याची आजी यांचा पत्ता एकच असतो.

तुलनागट निवडताना सर्वांत मोठी चूक होते. रस्त्यापासून ६०० मीटरवर एखादा टॉवर असतो, आणि हौशी मंडळी त्याच्याशी तुलना करतात. त्यातून गरिबांची प्रकृती श्रीमंतांपेक्षा वाईट असते एवढेच सिद्ध होते, आणि त्यासाठी पाहणीची गरज नव्हती. तुलना करायची ती आपल्यासारखीच खोली, आपल्यासारखाच नळ आणि आपल्यासारखाच पगार असलेल्या, पण मोठ्या रस्त्यापासून दूर असलेल्या वस्तीशी. इमारतींची रचनासुद्धा पाहा. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमधील पुनर्वसन इमारतींविषयी डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन आणि वारा पोचत नाही, तेथे क्षयरोग अधिक आढळला होता. अशी इमारत तुलनागटात आली तर रस्त्याचा परिणाम आणि अंधाराचा परिणाम यांची सरमिसळ होईल.

घरातल्या धुराचेही तसेच आहे. चूल, स्टोव्ह की गॅस, हे विचारा. अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल विचारायला विसरू नका. बंद खोलीत एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ मधील मोजमाप आहे. रस्त्यालगत खिडकी बंद ठेवावी लागते म्हणून डास कमी आणि कॉइलही कमी, की खिडकीच नाही म्हणून कॉइल अधिक, हे वस्तीनुसार बदलते. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो सीबॅक (आजारांचा धोका तपासणारा) फॉर्म भरतात त्यात इंधनाचा आणि धुराच्या कामाचा प्रश्न असतोच. त्यांना सुरुवातीपासून बरोबर घ्या. त्यांना प्रत्येक दार ठाऊक असते, आणि दार उघडतेही.

आजारांची नावे विचारू नका, लक्षणे विचारा. "दमा आहे का?" याला लग्नाच्या मुलीची आई कधीच होकार देणार नाही. "गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? धाप लागून रात्री उठावे लागले का?" याला ती खरे उत्तर देते. मुलांच्या बाबतीत "बाळदमा" हा शब्द चालतो, पण वेगवेगळ्या घरांत त्याचा अर्थ वेगळा असतो. क्षयाविषयी "सहा महिन्यांच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का?" असे विचारा, आणि हे विचाराच, कारण क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसावर राहिलेले व्रण पुढे आयुष्यभर धाप लावतात आणि त्याचे खापर रस्त्यावर फुटते, किंवा उलट, रस्त्याचे खापर जुन्या क्षयावर.

मोजायचे काय? मनुष्यबळ कमी असेल तर तीनच गोष्टी, पण नीट: रक्तदाब, पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते) आणि वजन-उंची. रक्तदाब पाच मिनिटे बसवून, योग्य मापाची पट्टी बांधून, निदान दोनदा. पीक फ्लोमध्ये तीन फुंकरींतली सर्वांत चांगली. स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची यंत्रावरची सविस्तर तपासणी, उत्तम, पण शिकलेला तंत्रज्ञ नसेल तर तिचे आलेख कागद भरण्यापुरतेच उरतात.

येथे आकडेमोडीचे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. घरटी साडेचार माणसे धरली तर आपल्याकडे सुमारे १,८०० लोक होतात, त्यांत प्रौढ कदाचित १,२०० असतील. एखादा आजार एका गटात १० आणि दुसऱ्यात १५ टक्के आहे हा फरक खात्रीने दाखवायला प्रत्येक गटात जवळपास ६८५ माणसे लागतात. १,२०० प्रौढ तीन पट्ट्यांत विभागले की प्रत्येकात ४०० उरतात. म्हणजे "दम्याचे रुग्ण वाढले" हे आपल्या एकट्या वस्तीतून सिद्ध होणे कठीण आहे. त्यावर उपाय असा की त्याच माणसाला पुन्हा मोजायचे. त्याच व्यक्तीचा आजचा आणि दोन वर्षांनंतरचा रक्तदाब किंवा पीक फ्लो यांतला फरक थोड्या माणसांतही बोलतो. म्हणजेच पुन्हा सापडण्याजोगी नोंद, तीही गावी गेल्यावर सापडण्याजोगी, हा या पाहणीचा कणा आहे, आणि आपण गाळू पाहत होता तो भाग नेमका हाच.

ऋतूचे भान ठेवा. मुंबईत पावसाळा हवा धुऊन काढतो आणि डिसेंबर-जानेवारीत तीच हवा दाटते. जानेवारीतली पहिली पाहणी आणि ऑगस्टमधली दुसरी यांची तुलना केली तर उन्नत मार्गाने खोकला बरा केला असे सिद्ध होईल. दोन्ही ऋतूंत मोजा, किंवा एकच ऋतू निवडून त्याच महिन्यात परत या. स्वस्त सेन्सर दमट हवेत पीएम २.५, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण, फुगवून दाखवतात, तेव्हा ते आधी काही दिवस सरकारी केंद्राशेजारी ठेवून पडताळून घ्या. सरकारी केंद्र परिसराची सरासरी हवा सांगते, रस्त्यालगतच्या खिडकीची नाही. आपल्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ आहे. अहवालात दोन्ही लिहा, नाहीतर "मर्यादेत आहे" या एका वाक्यावर चर्चा संपते.

आवाजही मोजा. निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही २००० च्या नियमांतील मर्यादा आहे. "सवय झाली आता" असे लोक सांगतील. कानाला सवय होते, झोपेला आणि रक्तदाबाला होत नाही. आणि रस्ता ओलांडण्याची नोंद करा: मुले शाळेत कोठून जातात, पादचारी पूल किती लांब आहे, गेल्या तीन वर्षांत कोणाला वाहनाने उडवले. हवेच्या नादात हे राहून जाते, आणि काम सुरू झाल्यावर सर्वांत आधी बदलते ते हेच.

हे सर्व सरकार करणार नाही का, असेही आपण ओझरते विचारले आहे. अस्तित्वातील राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०१३ च्या दुरुस्तीनंतर लांबी १०० किलोमीटरपेक्षा अधिक आणि जादा जागेची रुंदी ४० मीटरपेक्षा अधिक असेल तेव्हा. पूर्व द्रुतगती महामार्ग शीव ते ठाणे मिळून सुमारे साडेतेवीस किलोमीटरचा आहे. शहरातली कामे बहुधा या चाळणीत येतच नाहीत, त्यामुळे आरोग्याची नोंद कोणी मागत नाही आणि कोणी करत नाही. तरीही आपण एकटे करू नका. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाला विनंती करा. त्यांच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती घेतलेली नोंद उद्या कोणासमोरही टिकते. मोजताना कोणाचा रक्तदाब १८० वर ११० निघाला तर तो केवळ आकडा म्हणून वहीत लिहून पुढच्या दारी जाऊ नका. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पोचवण्याची सोय आधी करून ठेवा.

घाई फक्त एका गोष्टीची आहे. कामाच्या कुंपणाचे पहिले पत्रे उभे राहिले की धूळ, वळवलेली वाहतूक आणि घरे सोडून जाणारे भाडोत्री यांमुळे "आधीची स्थिती" संपते. तपासण्यांना दोन महिने लागले तरी चालतील. पण वस्तीचा नकाशा, प्रत्येक खोलीचा क्रमांक आणि काल रात्री तेथे झोपलेल्या माणसांची यादी या पंधरवड्यात व्हायला हवी. ती झाल्यावर प्रपत्राचा मसुदा येथे टाकलात, अर्थात नावे वगळून, तर मी तो ओळ न ओळ पाहून देईन.